मोबाइलला २० कोटी पिक्सेल, वेब दुर्बिणीला ४ कोटी : अवकाश दुर्बिणींच्या संवेदकांविषयी

निर्वात

काही दिवसांपूर्वी मोबाइलच्या कॅमेऱ्यांवरील धाग्यात एका सदस्यांनी विचारले होते, की हातातल्या फोनला २० कोटी पिक्सेल मिळत असताना जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरकॅम या मुख्य कॅमेऱ्याच्या दहाही चिपा मिळून जेमतेम ४ कोटी पिक्सेल का भरावेत. खाली थट्टेचे प्रतिसाद बरेच आले, उत्तर कोणी दिले नाही. मी अकरा वर्षे एका प्रयोगशाळेत अशा संवेदकांची तपासणी करीत होतो, त्यामुळे गप्प बसवले नाही; आणि उत्तर प्रतिसादाच्या चौकटीत मावेना म्हणून हा वेगळा धागा काढला आहे.

आधी आकार पाहू. २० कोटी पिक्सेलच्या फोनमध्ये एका पिक्सेलची बाजू साधारण ०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, निअरकॅममध्ये ती १८ मायक्रॉन आहे. म्हणजे वेबच्या एका पिक्सेलच्या जागेत फोनचे ९०० पिक्सेल मावतील. फोन बहुतेक वेळा उजेडात फोटो काढतो, त्याच्या पिक्सेलांवर प्रकाशकणांचा पाऊस पडत असतो, आणि जी उणीव राहते ती सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते. दूरच्या फिकट दीर्घिकेचा प्रकाश इतका तुटपुंजा असतो, की काही सेकंदांत पिक्सेलला एखादा कण मिळाला तरी समाधान मानावे लागते. तेथे अंदाजाने भरलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे खोटी साक्ष. त्यामुळे या कामात पिक्सेल किती, ही चौकशी फार उशिरा येते. आलेल्या प्रकाशकणांपैकी पकडले किती, पकडलेल्यांपैकी मोजेपर्यंत टिकले किती, आणि मोजलेल्यांत न आलेले मिसळले किती, हे आधी पाहावे लागते.

दुर्बिणींत प्रकाश टिपायला वापरतात त्या सीसीडी (चार्ज-कपल्ड डिव्हाइस) चिपेची कल्पना ऑक्टोबर १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली, तीही संगणकाच्या स्मृतीचा एक प्रकार म्हणून. प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि पिक्सेलच्या विद्युत-खळग्यात साठतो. उघडझाप (एक्सपोजर) संपल्यावर हे सगळे साठे एकेका ओळीने कडेकडे सरकवले जातात. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. फक्त येथे घागरीत कधी कधी पाचच थेंब असतात आणि शेवटच्या माणसाने ते थेंब न चुकता मोजायचे असतात. त्या मोजणीतल्या चुकीला आम्ही रीड नॉइज म्हणतो. हबलच्या डब्ल्यूएफसी-३ या कॅमेऱ्याच्या सीसीडींत ही चूक सुमारे ३ इलेक्ट्रॉनांची आहे.

सिलिकॉन उबदार असले तर प्रकाश नसतानाही त्यातून इलेक्ट्रॉन सुटत राहतात. हा डार्क करंट दर सहा-सात अंश थंडाव्यामागे निम्मा होतो, म्हणून चिप उणे ८० किंवा त्याहून खाली न्यावी लागते. दुसरी अडचण अशी, की साठे सरकवणारी विद्युत-जाळी चिपच्या पुढच्या बाजूस असते आणि निळा व अतिनील प्रकाश तीच गिळून टाकते. त्यावर उपाय म्हणून चिप उलटी बसवतात आणि मागचे सिलिकॉन घासून, आम्लाने खाऊन पंधरा-वीस मायक्रॉनपर्यंत, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ करतात. मग त्या पाठीवर परावर्तनरोधक लेप चढतो. असे केल्यावर काही तरंगलांबींना शंभरातले नव्वदहून अधिक प्रकाशकण पकडले जातात. एवढे पातळ सिलिकॉन कडेने किंचित कुरळे होते, आणि सपाट राहिले नाही तर ताऱ्याचा ठिपका एका कोपऱ्यात टोकदार तर दुसऱ्या कोपऱ्यात पसरट दिसतो. या घासण्याच्या टप्प्यावर चिपा बऱ्याच वाया जातात. किमतीचे एक मोठे कारण तेच.

माझे काम त्यानंतरचे. चिप निर्वात पात्रात बसवायची, रात्रभर पंपाने हवा काढायची, मग द्रवरूप नायट्रोजनने थंड करून तिची जबानी घ्यायची. नाण्याएवढ्या चकतीवर लोह-५५ हे किरणोत्सारी द्रव्य असते. त्याचा ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रत्येक क्ष-किरण सिलिकॉनमध्ये सुमारे १,६२० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. आकडा आधीच ठाऊक असल्यामुळे चिपने किती सांगितले त्यावरून तिचा खरेपणा कळतो. दुकानदाराच्या तराजूवर सरकारी शिक्क्याचे वजन ठेवून पाहावे, तसे हे आहे.

एकदा शनिवारी घरी लवकर जाण्याच्या घाईत मी दाबमापकाचा काटा पुरता खाली येण्याआधीच नायट्रोजन ओतला. पात्रात उरलेल्या वाफेला बसायला सर्वांत थंड जागा सापडली ती चिपचीच. सोमवारी एकसारख्या उजेडात घेतलेल्या प्रतिमेत डाव्या कडेने नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटली होती. ती पाहून पहिल्यांदा मला चिपच बिघडली असे वाटले होते. दोन दिवस सावकाश गरम करून, पुन्हा हवा काढून ती गेली. चिप वाचली, आठवडा वाया गेला. अवकाशात तर पात्र उघडताच येत नाही. युक्लिड दुर्बिणीच्या आरशावर बर्फाचा अगदी पातळ थर बसल्यामुळे दृष्टी मंदावली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये एका आरशाला ऊब देऊन तो उडवावा लागला होता.

पुढचे प्रश्नांप्रमाणे लिहीन.


गणिताची वही

लेख आवडला. घागरींच्या उपमेवरून एक शंका आहे. हातोहात देताना थोडे पाणी सांडणारच. दोन हजार ओळींची चिप असेल तर सर्वांत दूरच्या पिक्सेलचा साठा दोन हजार वेळा हात बदलतो. प्रत्येक वेळी किती सांडलेले चालते?


निर्वात

दर वेळी एक लाखात एक इलेक्ट्रॉन मागे राहिला, तर दोन हजार सरकवण्यांनंतर ९८ टक्के साठा पोहोचतो. दहा हजारात एक राहिला, तर ८२ टक्केच. कागदावर दोन्ही आकडे नगण्य वाटतात, पण पहिली चिप विमा उतरवून पाठवण्याजोगी आणि दुसरी परत करण्याजोगी.

खरी पंचाईत पुढे होते. कारखान्यातून निघालेली चिप पहिल्या प्रतीची असली, तरी कक्षेत वेगवान प्रोटॉन तिच्यावर आदळत राहतात आणि स्फटिकातील सिलिकॉनचे अणू जागचे हलवतात. जेथे अणू हलला तेथे सापळा तयार होतो. तो जाणाऱ्या साठ्यातले काही इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि थोड्या वेळाने सोडतो, तेव्हा ते मागून येणाऱ्या दुसऱ्याच पिक्सेलच्या खात्यावर जमा होतात. हबलच्या जुन्या झालेल्या सीसीडींच्या प्रतिमांत म्हणून ताऱ्यांना एकाच दिशेने फिकट शेपट्या फुटलेल्या दिसतात. यावर काढलेली तोड मला फार आवडते. उघडझापीच्या शेवटी कॅमेऱ्यातलाच एक छोटा दिवा लावून प्रत्येक पिक्सेलमध्ये मुद्दाम वीसेक इलेक्ट्रॉन भरतात. सापळ्यांची भूक त्या फुकटच्या इलेक्ट्रॉनांवर भागते आणि ताऱ्याचे इलेक्ट्रॉन सुखरूप निघून जातात. दिव्यामुळे नॉइज थोडा वाढतो, तो पत्करायचा.

शिवाय ठरावीक काळाने या चिपा काही तास गरम केल्या जातात. त्याने अंधारातही सतत पेटलेले बरेचसे पिक्सेल विझतात. सापळे मात्र बहुतेक तसेच राहतात.


ध्रुवमत्स्य

या संदर्भात चंद्रा क्ष-किरण वेधशाळेचे उदाहरण द्यायला हवे. जुलै १९९९ मध्ये ती सोडली गेली आणि पहिल्या काही आठवड्यांतच तिच्या एसीआयएस कॅमेऱ्यातील पुढून प्रकाश घेणाऱ्या सीसीडींची सरकवण्याची क्षमता घसरली. कारण असे निघाले, की पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवरून घसरत थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत होते. क्ष-किरणांसाठी घडवलेल्या आरशांनी प्रोटॉनांनाही वाट करून दिली होती, आणि हे कोणाच्या हिशेबात नव्हते. दहा चिपांपैकी ज्या दोन उलट्या बसवलेल्या होत्या त्यांना फारशी इजा झाली नाही, कारण त्यांच्यात साठे वाहणारी वाट पृष्ठभागापासून खोल पडत होती आणि हे मंद प्रोटॉन तिथवर पोहोचण्याआधीच थांबत होते. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना कॅमेरा नाभीवरून बाजूला सरकवून ठेवण्याची पद्धत पडली.


अवांतरप्रेमी

फोनमधले सीमॉस संवेदक आता सर्वत्र असताना अवकाशात सीसीडीच का धरून बसले आहेत? सरकवण्याची भानगडच नसेल, तर सापळ्यांची भीतीही नाही.


निर्वात

मुद्दा बिनतोड आहे, आणि त्यात एक गमतीचा भाग असा, की आज फोनात बसलेला सीमॉस संवेदक ज्या वंशाचा आहे त्याची घडण १९९० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने केली, आणि ती अवकाशयानांचे कॅमेरे लहान व हलके व्हावेत यासाठीच. प्रत्येक पिक्सेलमध्येच प्रवर्धक असल्यामुळे साठा कोठेही न्यावा लागत नाही. मात्र पुष्कळ वर्षे या संवेदकांचा नॉइज, डार्क करंट आणि पिक्सेलागणिक बदलणारा स्वभाव शास्त्रीय मोजमापाला पुरेसा नव्हता. आता चित्र पालटत आहे. २०२० मध्ये गेलेल्या सोलर ऑर्बिटरवर आणि २०२३ मध्ये गुरूकडे निघालेल्या ज्यूसच्या कॅमेऱ्यात सीमॉसच आहे. गुरूच्या परिसरातील प्रारण पाहता तेथे सीसीडी नेणे धाडसाचे ठरले असते.

तरी एका कामात सीसीडीला तोड नाही, ते म्हणजे गाया या उपग्रहाने केलेले ताऱ्यांच्या जागांचे मोजमाप. २०१३ च्या डिसेंबरात सोडलेल्या या उपग्रहावर १०६ सीसीडी होते, एकूण जवळपास १०० कोटी पिक्सेल. उपग्रह सतत स्वतःभोवती फिरत असे, सहा तासांत एक फेरी, त्यामुळे ताऱ्याची प्रतिमा चिपवरून सरकत जाई. चिपवरचे साठेही नेमके त्याच वेगाने, दर मिलिसेकंदाला सुमारे एक ओळ, सरकवले जात. तारा ४५०० ओळी ओलांडायला साडेचार सेकंद घेई आणि तेवढा वेळ त्याचे इलेक्ट्रॉन त्याच्या खालून चालत, पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांसारखे. सीसीडीचा जो दोष आपण वर मोजला, साठा हलवावा लागणे, तोच येथे कामाला लावला आहे.


कोलाब्याची खिडकी

आपल्याकडचा उल्लेख राहिला, म्हणून थोडे लिहिते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिच्यातला सीसीडी कॅमेरा इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने आला, आणि ही चिप फक्त ६०० गुणिले ६०० पिक्सेलची आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. मूळ धाग्यातील सदस्यांना ही संख्या सांगितली असती तर त्यांनी हातच टेकले असते. येथे मात्र क्ष-किरणाचा प्रत्येक कण सुटा पकडायचा असतो. त्याने किती इलेक्ट्रॉन मोकळे केले त्यावरून त्याची ऊर्जा मोजतात, त्यामुळे प्रतिमा आणि वर्णपट एकाच चिपमधून मिळतात. निर्वात यांनी सांगितलेली लोह-५५ ची चकती या कॅमेऱ्यात चिपच्या कोपऱ्यांवर कायमची बसवलेली आहे, म्हणजे शिक्क्याचे वजन उपग्रहाबरोबरच पाठवले आहे.

त्याच उपग्रहावरील सीझेडटीआय या अधिक ऊर्जेचे क्ष-किरण पकडणाऱ्या उपकरणाचे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रामधून चालते. त्यात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ६४ तुकडे आहेत, प्रत्येकात २५६ पिक्सेल, एकूण १६,३८४. एका पिक्सेलची बाजू सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे पिक्सेल नुसत्या डोळ्यांनी दिसतो! एवढ्या ऊर्जेचे क्ष-किरण पातळ सिलिकॉनमधून आरपार जातात, म्हणून जड अणूंचे पाच मिलिमीटर जाड स्फटिक वापरावे लागले.


अवांतरप्रेमी

मूळ प्रश्न वेबचा होता. तिच्या चिपा सिलिकॉनच्या नाहीत, असे वाचले होते.


निर्वात

बरोबर आहे, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर निम्मे येथेच दडलेले आहे.

सिलिकॉन १.१ मायक्रॉनच्या पुढच्या अवरक्त प्रकाशाला काचेसारखे पारदर्शक असते, कारण त्या प्रकाशकणांत इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतका जोर उरत नाही. निअरकॅमला ०.६ पासून ५ मायक्रॉनपर्यंत पाहायचे आहे. त्यासाठी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा मिश्र स्फटिक वापरतात. कॅडमियमचे प्रमाण कमी केले, की दृष्टी अधिक लांब तरंगांपर्यंत जाते. कारागीर जसा सोन्यातल्या तांब्याचे प्रमाण ठरवतो तसे ते अगोदर ठरवावे लागते. निअरकॅमच्या दहा चिपांपैकी आठ आखूड तरंगांसाठी आणि दोन लांब तरंगांसाठी आहेत. या स्फटिकातून वाचन करणारी इलेक्ट्रॉनिकी घडवता येत नाही, म्हणून प्रत्येक पिक्सेलखाली सिलिकॉनचे वाचन-मंडल स्वतंत्रपणे करतात आणि दोहोंना इंडियम या मऊ धातूच्या सूक्ष्म टेकड्यांनी जोडतात. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलांसाठी ४२ लाख टेकड्या, आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्या एकाच दाबात एकमेकींवर नेमक्या बसायला हव्यात. मग हे सँडविच उणे २३० अंशांच्याही खाली न्यायचे, जेथे स्फटिक आणि सिलिकॉन वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. फोनच्या चिपेत असला सांधा नसतो, आणि तिला एवढी थंडी सोसावी लागत नाही.

या जोडकामाने वेबला एकदा चांगलाच चटका दिला होता. दुर्बीण अजून जमिनीवर असताना, २०१० च्या सुमारास, नुसत्या कपाटात ठेवलेल्या चिपांमध्ये बिघडलेल्या पिक्सेलांची संख्या वाढत असल्याचे दिसले. शोध घेता कळले, की पिक्सेलच्या जोडणीतला अडथळा-थर अपुरा होता आणि टेकड्यांमधले इंडियम हळूहळू मूळ स्फटिकात झिरपत होते. पुढची रचना बदलली आणि उड्डाणासाठी ठरलेल्या चिपा नव्याने कराव्या लागल्या. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी निघाली. तिला उशीर झाल्याबद्दल सर्वांनी नाके मुरडली, पण वेळेवर निघाली असती आणि हे झिरपणे वाटेत कळले असते तर काय, याची मला अजूनही धास्ती वाटते.

या चिपांचा एक गुण सीसीडीमध्ये नाही. साठा रिकामा न करता तो पुन्हा पुन्हा वाचता येतो. त्यामुळे एकाच उघडझापीत अनेक वेळा वाचन घेऊन इलेक्ट्रॉन कसे वाढत गेले याची चढती रेषा काढतात. मध्येच वैश्विक किरण आदळला तर रेषेत एकदम उडी दिसते. ती उडी वगळून पुढचा-मागचा उतार तेवढा घ्यायचा.


ध्रुवमत्स्य

आणि रंग? या चिपांवर फोनसारखी लाल-हिरव्या-निळ्याची जाळी नसते, असे मी शाळेत व्याख्यानाला गेलो की सांगतो, आणि मुले निराश होतात.


कोलाब्याची खिडकी

मुलांना आदित्य-एल१ वरील सूट दाखवा. आयुकाने घडवलेल्या या सूर्य-दुर्बिणीत ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलची एकच सीसीडी आहे आणि तिच्यापुढे ११ गाळण्या फिरतात, सर्व २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यातल्या. एका वेळी एक गाळणी, एक राखाडी प्रतिमा. रंग नंतर आपण भरतो. पिक्सेलांवर कायमची रंगजाळी घातली असती तर प्रत्येक पिक्सेल दोन-तृतीयांश प्रकाश फेकून देता, आणि सूर्यप्रकाशातली मॅग्नेशियमची नेमकी वर्णरेषा तरीही निवडता आली नसती. डिसेंबर २०२३ मध्ये तिने सूर्याच्या पूर्ण बिंबाच्या पहिल्या प्रतिमा घेतल्या.

सूर्यासमोर प्रकाशाची टंचाई नसते, तरीही ही चिप उणे ५० च्या खाली ठेवावी लागते. अतिनीलात काम करणाऱ्यांना आणखी एक भीती असते. यानातल्या गोंदांतून, वायरींच्या आवरणांतून सुटलेले सेंद्रिय रेणू थंड चिपवर जाऊन बसतात, आणि अतिनील प्रकाश त्यांचा चिवट पापुद्रा करून टाकतो. म्हणून आत जाणारा प्रत्येक स्क्रूसुद्धा आधी निर्वातात तापवून घेतात.


गणिताची वही

निर्वात यांना एक शेवटचा प्रश्न. आपण तपासलेल्या चिपांपैकी कोणती उपकरणात जावी, हे कसे ठरत असे? सर्वांत कमी दोषांची, एवढेच का?


निर्वात

तसे असते तर मला अकरा वर्षे पगार मिळाला नसता.

अखेरच्या उपकरणाच्या वेळी दोन चिपा उरल्या होत्या. पहिलीत एकही मृत स्तंभ (पिक्सेलांची न चालणारी उभी ओळ) नव्हता, दिसायला निष्कलंक. तिचा नॉइज मात्र कधी ३ इलेक्ट्रॉन येई, कधी ५, आणि तापमान, केबल, भूजोडणी सगळे तपासूनही त्याचे कारण सापडत नव्हते. दुसरीत १३०७ वा स्तंभ अर्ध्यातून पुढे मेलेला होता आणि खालच्या कोपऱ्यात एक पेटलेला पिक्सेल होता, पण सहा महिन्यांत चौदा वेळा थंड करूनही तिचा एकही आकडा हलला नाही. बैठकीत पहिलीच्या बाजूने बोलणारे जास्त होते, कारण उद्घाटनाच्या प्रतिमेत मधोमध काळी रेघ कोणालाच नको होती. दुपारभर वाद झाला. शेवटी दुसरी गेली. आजही त्या उपकरणाच्या प्रतिमा कोठे दिसल्या, की माझी नजर आधी १३०७ व्या स्तंभाकडे जाते. तो शेजारच्या दोन स्तंभांची सरासरी घेऊन भरलेला असतो, आणि ते भरल्याची नोंद प्रत्येक फाइलच्या आरंभी असते.